घरच्या पेटीतला दाखला आणि त्याचा संदर्भ

वंशावळ लिहिणाऱ्या वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच मुद्द्याभोवती फिरतात : जन्म, विवाह आणि मृत्यूचे दाखले कार्यालयातून काढलेले नाहीत, घरातच सापडलेत. त्यांचा हवाला द्यायचा कसा? त्यांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आजीच्या जन्मदाखल्याची शिक्का असलेली प्रत आमच्या घरी आहे. वंशावळीत तिच्या जन्मतारखेपुढे मी संदर्भ म्हणून नोंदणी कार्यालयाचं नाव लिहिलं. त्यावर मामांनी विचारलं, ‘तू त्या कार्यालयात गेलीस कधी?’ मग नुसतं ‘घरचे कागद’ लिहायचं का?

उत्तर : मामांचं म्हणणं रास्त आहे. कार्यालयाचं नाव लिहिलं की वाचणारा धरून चालतो की तुम्ही तिथली नोंदवही उघडून पाहिली. तुम्ही पाहिलीय ती प्रत. पण ‘घरचे कागद’ हे त्याहून वाईट. कोणाच्या घरचे, कुठले कागद, त्यांतला कोणता, यातलं काहीच त्यातून कळत नाही. दहा वर्षांनी तुमचं तुम्हालाही कळणार नाही.

अशा संदर्भाला दोन अंगं असतात. हा कागद कुठून निघाला ते कागदच सांगतो. तो तुमच्यापर्यंत कसा आला ते तुम्हाला सांगावं लागतं. दोन्ही लिहायचं, पण एकात एक मिसळायचं नाही. आधी हातातली वस्तू, मग तिच्यावरचा मजकूर, मग तिचा मुक्काम. नमुना असा :

‘जन्मदाखला, शिक्क्यासह प्रमाणित प्रत, अबक, जन्म १२ मार्च १९२१. दाखल्यावरील मजकुरानुसार : नोंद क्र. ८७, नोंदणी दिनांक २ एप्रिल १९२१, अमुक जिल्हा नोंदणी कार्यालय. प्रत दिल्याचा दिनांक ९ जून १९४८. सध्या अबक यांच्या नातीच्या खासगी संग्रहात, २०२४. हस्तांतर : अबक, त्यांची थोरली मुलगी, नात. मूळ नोंदवही पाहिलेली नाही.’

यातला ‘दाखल्यावरील मजकुरानुसार’ हा तुकडा बिनकामाचा वाटेल, पण सगळा प्रामाणिकपणा त्यातच आहे. त्याच्या पुढचं सगळं कागदाच्या तोंडचं आहे. पुढे नोंद क्रमांक चुकीचा निघाला, तर चूक कागदाची की तुमची, हे त्यावरून ठरतं. शेवटचं वाक्यही वगळू नका. ते कमीपणाचं नाही. पुढच्या माणसाने कुठून सुरुवात करायची ते त्यातून त्याला कळतं.

दाखल्यावर दोनच नव्हे, तीन तारखा असतात : घटनेची, नोंदणीची आणि प्रत दिल्याची. लोक पहिली उचलतात आणि उरलेल्या दोन सोडून देतात. नमुन्यातली प्रत अबक सत्तावीस वर्षांच्या असताना निघालीय. म्हणजे तेव्हा कोणाला तरी ती कशासाठी तरी लागली : नोकरी, प्रवासाची कागदपत्रं, विमा, वारसाचा दावा. त्या सुमाराचा त्यांचा अर्ज एखाद्या दप्तरात असू शकतो. प्रत दिल्याची तारीख हा असा पुढचा धागा असतो.

तारखेत महिना अक्षरात लिहा. ०३/०४/१९२१ म्हणजे कुणासाठी तीन एप्रिल, कुणासाठी चार मार्च. आणि कागद ज्यांच्याकडे आहे ती व्यक्ती हयात असेल, तर छापायच्या वंशावळीत तिचा पत्ता किंवा फोन नको. नातं आणि साल पुरे. पत्ता तुमच्या खासगी वहीत असू द्या.

पूर्ण संदर्भ एकदाच द्यायचा. पुढे त्याच कागदाचा उल्लेख आला की ‘अबक जन्मदाखला, १९४८ची प्रत, नातीचा संग्रह’ एवढं बास. मात्र ‘१९४८ची प्रत’ हे शब्द त्यात राहू द्या. उद्या त्याच नोंदीची दुसरी प्रत काढलीत की दोघींची सरमिसळ होऊ नये.

प्रश्न : आमच्याकडच्या एका दाखल्यावर तीन वेगवेगळे क्रमांक आहेत. संदर्भात कोणता द्यायचा?

उत्तर : जो नोंदवहीतल्या नोंदीचा आहे तो. बाकीचे बहुधा कागदाचे किंवा कारकुनी सोयीचे असतात.

इंग्लंड आणि वेल्सचे दाखले पाहिले की हा घोळ स्वच्छ दिसतो. तिथे १ जुलै १८३७पासून सरकारी नोंदणी आहे. त्या दाखल्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे असा ठळक छापलेला एक क्रमांक असतो. नजर आधी त्याच्यावरच जाते, आणि तो असतो कोऱ्या छापील फॉर्मचा. नोंदवहीशी त्याचा संबंध नाही. तीच नोंद पुन्हा काढली तर तो बदलतो. नोंदीचा खरा क्रमांक जुन्या दाखल्यांवर पहिल्या रकान्यात, बारीक, बहुधा हाताने लिहिलेला असतो. तिसरी गोष्ट मध्यवर्ती सूचीतला ठावठिकाणा : साल, तिमाही, जिल्हा, खंड, पान. तो जुन्या प्रतींवर बऱ्याचदा कोणीतरी पेन्सिलीने समासात टिपलेला आढळतो.

तुमच्या कागदावरचा कोणता क्रमांक कशाचा, हे ओळखायची सोपी परीक्षा म्हणजे त्याच कार्यालयाचे, त्याच काळातले दोन दाखले शेजारी ठेवणं. छापखान्याचा क्रमांक दोन्हींवर त्याच जागी, त्याच टाइपात दिसतो. नोंदीचा क्रमांक बाकीचा मजकूर ज्या हाताने लिहिलाय त्याच हातचा असतो. पावती क्रमांक शुल्काच्या रकमेजवळ सापडतो. तरीही खात्री पटली नाही, तर तिन्ही लिहा आणि प्रत्येक कागदावर कुठे आहे ते सांगा : ‘वर उजवीकडे छापील’, ‘पहिल्या रकान्यात हस्तलिखित’. अंदाजाने त्यातल्या एकाला ‘नोंदणी क्रमांक’ म्हणून टाकलंत, तर पुढच्याचा अर्ज ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा घेऊन परत येईल.

प्रश्न : चुलत बहिणीने पणजोबांच्या विवाह दाखल्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. मूळ कागद तिच्या आत्याकडे होता. आता कुठे आहे माहीत नाही. हा संदर्भ म्हणून चालेल?

उत्तर : चालेल, पण तुमच्याकडे दाखला नाही, दाखल्याचं चित्र आहे, हे लिहूनच. ‘विवाह दाखल्याचे डिजिटल छायाचित्र, चुलत बहिणीकडून व्हॉट्सॲपद्वारे प्राप्त, १४ मे २०२३, मूळ कागद पूर्वी तिच्या आत्याकडे, सध्याचा ठावठिकाणा अज्ञात, मागील बाजू पाहिलेली नाही.’

व्हॉट्सॲप साध्या फोटोचा आकार कमी करतं आणि कॅमेऱ्याने फाइलमध्ये टाकलेली माहिती काढून टाकतं. नेहमीच्या हातभर अंतराच्या फोटोत इंग्रजी ‘3’ आणि ‘8’ यांत फरक उरत नाही. फाइलच्या नावात दिसणारी तारीख फोटो काढल्याची नसते, व्हॉट्सॲपवरून गेल्या-आल्याची असते. ती संदर्भात ‘छायाचित्राचा दिनांक’ म्हणून लिहू नका. बहिणीला तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा पाठवायला सांगा, म्हणजे फाइल जशीच्या तशी येईल. तिच्या फोनमधून फोटो उडायच्या आत हे करा.

मागच्या बाजूचा फोटोही मागा. प्रमाणित केल्याचा शेरा, दुरुस्तीची नोंद, मुद्रांक, कोणत्या कामासाठी दाखला दिला ते, घरातल्या कोणी केलेली टिपणं, हे सगळं तिथे सापडतं. घडीवर घडी घातलेला कागद असेल तर कडाही दिसायला हव्यात. कापून ‘नीटनेटका’ केलेल्या चित्रात नेमका समास गेलेला असतो, आणि समासातल्या शेऱ्यात दत्तक, नावबदल किंवा नोंद रद्द झाल्याचा उल्लेख असू शकतो.

कागद मिळालाच तर स्कॅन ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके), रंगीत करा. मजकूर काळा असला तरी शिक्का निळा किंवा जांभळा असतो. काळ्या-पांढऱ्यात तो अक्षरांत मिसळून जातो. ए-४ आकाराचं असं एक पान टिफ या प्रकारच्या, आकार कमी न केलेल्या (अनकॉम्प्रेस्ड) फाइलमध्ये शंभर एमबीच्या आसपास जातं. तेवढी जागा नसेल तर ३०० डीपीआयला तेच पान पाव जागेत, साधारण २६ एमबीत बसतं, आणि सुवाच्य कागदाला तेवढं पुरतं. नातेवाइकांत वाटायला लहान आकाराची जेपेग फाइल वेगळी करा. टिफला हात लावू नका.

प्रश्न : एका मृत्यू दाखल्याची झेरॉक्स आहे. शिक्का पुसट, प्रत कधी काढली ते कळत नाही. याला काही किंमत आहे का?

उत्तर : आहे. झेरॉक्स म्हणून टाकून देऊ नका. मात्र ‘प्रमाणित प्रत’ही म्हणू नका. ‘प्रमाणित प्रतीची छायाप्रत, शिक्का अवाच्य’ असं लिहा. कागद निरखला तर काळही हाती लागू शकतो.

गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आणि गुळगुळीत, जाड कागद असेल, तर ती फोटोस्टॅट आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कार्यालयांत ही पद्धत सर्रास होती. दाखल्याचा फोटो थेट संवेदनशील कागदावर घ्यायचे, म्हणून तो उलट्या रंगांत येई. कागद तपकिरी, कडक, ठिसूळ आणि जागोजागी काळवंडलेला असेल, तर ती उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राची प्रत असावी. १९५०च्या दशकात ही यंत्रं पसरली. साध्या कागदावर प्रत काढणारं, कार्यालयांत खऱ्या अर्थाने रूढ झालेलं झेरॉक्सचं ९१४ हे यंत्र १९५९ साली आलं. म्हणजे साध्या कागदावर, टोनरने (यंत्रातल्या कोरड्या शाईच्या पुडीने) उमटलेली प्रत १९४०ची असण्याची शक्यता सोडूनच द्या, मग तिच्यावरच्या दाखल्याची तारीख काहीही असो. गुळगुळीत, पातळ फॅक्सचा कागद मिळाला तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून त्याचा आधी स्कॅन करा. तो उडत जातो, आणि एकदा उडाला की परत येत नाही.

प्रतीची प्रत काढताना काय हरवतं तेही ध्यानात ठेवा. पेन्सिलीची टिपणं जातात, उठावाचा (शाईशिवाय, कागद दाबून उमटवलेला) शिक्का तर प्रतीवर दिसतच नाही, आणि खाडाखोड सपाट होऊन मूळ अक्षरासारखी दिसते. ‘शिक्का नाही’ आणि ‘शिक्का दिसत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संदर्भात ‘शिक्का दिसत नाही’ असंच लिहा.

प्रश्न : आजोबांच्या जन्माची घरातली जुनी प्रत ७ तारीख दाखवते. मी कार्यालयातून नव्याने दाखला काढला, तर त्यावर १ तारीख आहे. नवा दाखला सरकारी, म्हणून तोच धरायचा ना?

उत्तर : नवा असल्यामुळे तो अधिक खरा ठरत नाही. दोन्ही नकला आहेत, दोन वेगळ्या माणसांनी, कदाचित दोन वेगळ्या वह्यांवरून केलेल्या.

आधी प्रत्येक कागद कशावरून झालाय ते पाहा. बऱ्याच देशांत नोंद दोन ठिकाणी राहते. इंग्लंड-वेल्समध्ये स्थानिक निबंधक आपल्या वहीतल्या नोंदींची नक्कल दर तिमाहीला मध्यवर्ती कार्यालयाकडे पाठवत. म्हणून मध्यवर्ती कार्यालयाचा जुन्या नोंदीचा दाखला ही नकलेची नक्कल असते, आणि त्यातली वडिलांची ‘सही’ कारकुनाच्या हातची. स्थानिक वहीत ती खरी सही असते. शिवाय अलीकडचे दाखले बऱ्याचदा संगणकात पुन्हा टंकलेल्या माहितीवरून छापले जातात. म्हणजे आणखी एका माणसाने ते अक्षर वाचलेलं असतं. तुमची जुनी प्रत मात्र शाई ताजी असताना, वही फाटायच्या आत केलेली असू शकते.

इंग्रजी आकड्यांतल्या 1 आणि 7 यांचा वाद वहीच्या पानाशिवाय मिटत नाही. म्हणून नवा टंकलेला दाखला पुन्हा न मागता त्या पानाची छायाप्रत किंवा स्कॅन मागा, आणि जमलं तर आख्खं पान. त्या लेखनिकाने इतर नोंदींत 1 कसा काढलाय, 7 कसा काढलाय, ते शेजारच्या ओळींत दिसेल. काहींच्या 1ला वर लांब शेंडी असते, काहींच्या 7ला मध्ये आडवी रेघ. मग नोंदणीच्या तारखा पाहा. नोंदी क्रमाने होतात, त्यामुळे वरची नोंद ४ तारखेची आणि खालची ६ तारखेची असेल, तर आजोबांची नोंद या दोन दिवसांच्या मध्येच झालीय. त्याच महिन्याच्या ७ तारखेला जन्मलेल्याची नोंद त्यापूर्वी होणं शक्य नाही. एवढ्यावर वाद संपतो.

वही मिळालीच नाही तर दोन्ही कागदांचे दोन वेगळे संदर्भ द्या, तफावत लिहा, कोणती तारीख धरलीत आणि का ते एका वाक्यात सांगा. जुन्या कागदावर नवी तारीख पेनाने ‘दुरुस्त’ करायची नाही. असे कागद घराघरांत सापडतात आणि पुढच्या पिढीला रडवतात.

एक वेगळी शक्यताही तपासा : मधल्या काळात नोंदच दुरुस्त झाली असेल. तसं असेल तर नव्या दाखल्यावर किंवा समासात शेरा असतो. दत्तकविधानानंतर काही ठिकाणी आख्खा जन्मदाखलाच नव्याने तयार होतो. अशा वेळी घरात राहिलेली जुनी प्रत हाच मूळ नोंदीचा एकमेव पुरावा ठरू शकतो.

प्रश्न : मृत्यू दाखल्यावर आजीची जन्मतारीख आहे. दाखला सरकारी आहे, तर वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये जन्मतारखेला सर्वांत वरचा दर्जा देऊ का?

उत्तर : नको. दर्जा कागदाला द्यायचा नसतो, त्यावरच्या एकेका विधानाला द्यायचा असतो. मृत्यूची तारीख आणि जागा त्या वेळी हजर असलेल्याने, लगेच सांगितलेली असते. जन्मतारीख आणि आई-वडिलांची नावं सांगणारा बहुधा मुलगा किंवा जावई; तो आजीच्या जन्माला हजर असणं शक्यच नाही. म्हणून संदर्भात ‘माहिती देणार : मुलगा’ हे घ्याच. बऱ्याच दाखल्यांवर तो रकाना असतो, आणि संदर्भांतून हटकून गळतो.

जन्मदाखल्याच्या बाबतीतही नोंदणीची तारीख आधी पाहा. अमेरिकेत १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानंतर वयाचा पुरावा लागू लागला, तेव्हा असंख्य लोकांनी आपल्या जन्माची नोंद चाळीस-पन्नास वर्षांनी करून घेतली. नातेवाइकांची शपथपत्रं, शाळेचे किंवा चर्चचे कागद दाखवून. दाखला दिसतो जन्माचा, पण तो तयार झाला उतारवयात. असा दाखला ‘उशिरा नोंदवलेला’ म्हणून लिहा आणि कोणत्या पुराव्यावर झाला तेही, कारण ते त्यावरच दिलेलं असतं.

वंशावळीची बहुतेक सॉफ्टवेअरं माहितीच्या देवाणघेवाणीला जेडकॉम हा साचा वापरतात. त्यात पुराव्याला ० ते ३ दर्जा देता येतो : ० अविश्वसनीय किंवा अंदाज, १ शंकास्पद, २ घटनेनंतर काही काळाने झालेली अधिकृत नोंद, ३ थेट आणि प्राथमिक पुरावा. तुमच्या एकाच मृत्यू दाखल्याला मृत्यूसाठी ३ आणि जन्मासाठी १ किंवा फार तर २ द्यावा लागेल. म्हणजे कागद ‘स्रोत’ म्हणून एकदाच भरा, पण प्रत्येक घटनेला हवाला वेगळा जोडा. कागद कोणाकडे आहे ते ‘संग्रहस्थान’ या जागी जातं. तिथे कार्यालयाचं नाव भरण्याची चूक फार जण करतात. प्रत घरची, तर संग्रहस्थान घरचं.

प्रश्न : दाखला नाहीच, पणजोबांच्या वहीत त्यांनी तो हाताने उतरवून ठेवलाय. तळाशी ‘खरी नक्कल’ असं लिहिलंय.

उत्तर : मग संदर्भ वहीचा : वहीचं वर्णन, पान, कोणाचं हस्ताक्षर आणि ते कशावरून ओळखलं, वही आता कोणाकडे. ‘खरी नक्कल’ हे पणजोबांचं म्हणणं, अवतरणचिन्हांत ठेवा. मजकूर तुम्ही पुन्हा उतरवताना शुद्धलेखन सुधारू नका, गाळलेल्या जागा भरू नका.

आणि अशा वहीला कमी लेखू नका. डब्लिनमधलं सार्वजनिक अभिलेखागार ३० जून १९२२ रोजी स्फोटात आणि आगीत गेलं, त्यात चर्च ऑफ आयर्लंडच्या शेकडो पॅरिशांच्या (चर्चच्या स्थानिक विभागांच्या) मूळ नोंदवह्या जळाल्या. १८६४पासूनच्या सरकारी नोंदी दुसरीकडे होत्या म्हणून वाचल्या. जळालेल्या वह्यांतून कोणी आधी उतरवून घेतलं असेल, तर आता तेवढंच उरलंय. मूळ नष्ट झाल्याचं ठाऊक असेल तर ते संदर्भात लिहा, म्हणजे पुढचा माणूस शोधत बसणार नाही.

प्रश्न : दाखल्यांवर क्रमांक घालायचे आहेत. स्टिकर लावू का? आणि लॅमिनेशन?

उत्तर : दोन्ही नको. मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात, कागद सपाट कडक पृष्ठभागावर ठेवून हलक्या हाताने लिहा. स्टिकरचा डिंक आणि सेलोटेप पिवळी पडून कागदात उतरते. लॅमिनेशन उष्णतेने चिकटवलेलं असतं, कागद खराब न करता ते निघत नाही, आणि उठावाचा शिक्का त्यात चेपून जातो. पीव्हीसीचे पारदर्शक खिसेही टाळा. झेरॉक्सचा टोनर त्यांना चिकटतो आणि अक्षरं उचलून घेतो. पॉलिएस्टरचे चालतात. फॅक्सच्या पातळ कागदावर पेन्सिलही नको, त्याचा क्रमांक पाकिटावर घाला. पेन्सिलीने घातलेला तोच क्रमांक स्कॅनच्या फाइलच्या नावात आणि संदर्भाच्या शेवटी द्या. कागद एका घरातून दुसऱ्या घरात गेला की ‘सध्या कोणाकडे’ ही ओळ त्याच दिवशी बदला.